‘एसएमपीएस कुठलाही चालेल’

*नमस्कार. मी फोंड्याजवळ राहतो, वय २६. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी आहे. व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे. हेडसेट सोडून दीड लाख बाजूला काढलेत. मित्राने यादी करून दिली: सात रंगीत फॅनचं काचेचं कॅबिनेट, लिक्विड कूलर, २७ इंची फोर-के मॉनिटर, रायझन ५ प्रोसेसर, एनव्हिडियाचं ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. शेवटच्या ओळीत, सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल त्याने लिहिलंय, ‘एसएमपीएस कुठलाही चालेल’. म्हापशाचा एक जण एचपीचा रिव्हर्ब जी२ हेडसेट अगदी स्वस्तात देतोय. मावसभाऊ चवथीला दुबईहून येतोय, तो म्हणतो मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट आणतो. यातलं कुठलं घेऊ? मला मुख्यतः गाड्यांचे सिम्युलेटर खेळायचेत, स्टिअरिंग लावून. बहीण आर्किटेक्चर शिकते, तिला तिची मॉडेलं आत शिरून बघायचीत. घर जुनं, चिऱ्यांचं. पावसात लाइट येते-जाते. बाबा म्हणतात डोळे जातील आणि लाइटचं बिल वाढेल ते वेगळंच. नेमकं कुठलं कार्ड घेऊ, तेवढं सांगा.*
*— गोंधळलेला, फोंडा*

गोंधळलेले फोंडेकर,

कार्डाचं सांगतो, पण लगेच नाही. तुमच्या मित्राची यादी दोनदा वाचली. यादी वाईट नाही, फक्त ती दुसऱ्याच कॉम्प्युटरची आहे. टेबलावर मांडून आल्यागेल्याला दाखवायच्या कॉम्प्युटरची. काचेतून सात फॅन फिरताना दिसतील, मॉनिटर भिंतभर होईल. तुम्ही मात्र डोळ्यांवर डबा बांधून बसणार. त्या वेळी समोर फोर-के मॉनिटर आहे की कालनिर्णय, तुम्हाला काय फरक पडतो? घरात कुठलाही जुना मॉनिटर असेल तर तोच लावा, नसेल तर टीव्हीला एचडीएमआय जोडा. विंडोज सुरू करायला आणि गेम निवडायला तेवढं पुरतं. मॉनिटर, कूलर आणि फॅनचे पैसे वाचले की तुमच्या दीड लाखात बरीच हवा येते.

आता हेडसेट. तो आधी ठरला पाहिजे, कारण कार्डाला किती ओढायचंय हे त्यावर ठरतं.

म्हापशाच्या माणसाला नम्रपणे नाही म्हणा. रिव्हर्ब जी२ वाईट नव्हता. एका डोळ्याला २१६० बाय २१६० पिक्सेल, २०२० साली एवढं चित्र त्या भावात दुसरं कोणी देत नव्हतं. पण तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालायचा, आणि २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकली. नवीन कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकलंत की हा हेडसेट नुसता पेपरवेट. कोणी सांगेल, जुनं विंडोज ठेवा, अमुक जुगाड करा. दीड लाखाची वस्तू जुगाडावर उभी करायची तुम्हाला हौस असेल तर माझी हरकत नाही. एवढा स्वस्त का देतोय, याचं उत्तर मात्र हेच आहे. सॅमसंग, लेनोवो, एसर यांचे त्या काळातले त्याच जातीचे हेडसेट सेकंडहँडला दिसतील, त्यांनाही हेच लागू.

मावसभावाला क्वेस्ट ३ आणू द्या. दोन गोष्टी त्याला आधी सांगा. बिल तुमच्यासाठी जपून ठेवायचं आणि वॉरंटी तिथलीच समजायची, म्हणजे बिघडला तर पुन्हा कोणीतरी दुबईला जाईपर्यंत थांबायचं. जकातीची मर्यादा काय चाललीय तेही त्याने निघण्याआधी बघून घ्यावं. तो म्हणेल, क्वेस्टचाच ३एस स्वस्त पडतो, तोच आणू का? तुमच्या घरात दोघं वापरणार म्हणून मी ३ म्हणतो. ३एसमध्ये दोन डोळ्यांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलीमीटर अशा तीनच खाचांवर बसतं. ३ ला चाक आहे, फिरवून आपल्याला हवं तिथे आणता येतं. भावाबहिणीच्या बुबुळांमधलं अंतर सारखं असेलच असं नाही, आणि ते जुळलं नाही तर अर्ध्या तासात कपाळ धरून बसाल. ३ च्या भिंगांतही कडेपर्यंत स्वच्छ दिसतं, ३एसमध्ये जुनी वलयांची भिंगं आहेत. गाडीचे आरसे बघायला मान न वळवता नुसते डोळे फिरवायचे असतात, तिथे हा फरक कळतो.

आता माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. चवथीला हेडसेट आला की कॉम्प्युटर लगेच घेऊ नका. क्वेस्ट ३ कॉम्प्युटरशिवायही चालतो, त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा प्रोसेसर आहे. महिना-दीड महिना तो तसाच वापरा. का? चोर्ला घाटातून बेळगावला जाताना बसमध्ये तुम्ही खिडकी उघडून लिंबू हुंगत बसता का? बसत असाल तर गाड्यांचा सिम्युलेटर तुमची परीक्षा घेणार आहे. डोळे म्हणतात गाडी वळली, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण तर खुर्चीतच आहोत. दोघांचं भांडण पोट सोडवतं. बहुतेकांना सवयीने जमतं. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटं, मळमळ सुरू व्हायच्या आत काढून ठेवायचा. ‘थोडं सहन करू’ म्हणून रेटलंत की शरीर त्या डब्याशीच वैर धरतं. काहींना मात्र कधीच जमत नाही. असा एक जण माझ्या ओळखीत आहे, त्याच्या महागड्या कॉम्प्युटरवर आता त्याची बायको हिशेब लिहिते. तुम्ही त्या गटातले निघालात तर दीड लाख तरी वाचतील.

पोटाने होकार दिला, तर पुढचं वाचा.

सर्वसाधारण मॉनिटरवर फुल एचडी म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, आणि सेकंदाला ६० चित्रं मिळाली की आपण खूश. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ बाय २२०८, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ९१ लाख. फोर-के टीव्हीचे ८३ लाख होतात, हे त्याहूनही जास्त. शिवाय भिंगाने चित्र वाकतं ते सरळ करण्यासाठी कार्डाला आधी त्याहून मोठं चित्र काढावं लागतं. आणि हे सेकंदाला ९० वेळा. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ११ मिलीसेकंद, त्यात गाडी, रस्ता, सावल्या, सगळं.

मॉनिटरवर एखादं चित्र उशिरा आलं तर गेम किंचित अडखळतो, आपण शिवी घालून पुढे जातो. हेडसेटमध्ये तसं नाही. घुमट आरती रंगात आली असताना शामेळवाल्याचा एक ठोका चुकला तर काय होतं? ज्याला तालातलं ओ की ठो कळत नाही तोही मान वर करून बघतो. इथे मान तुमचीच असते. ती वळली आणि जग मागे राहिलं, की पोटात कालवलंच. सॉफ्टवेअर सांभाळून घेतं थोडंफार. चित्र वेळेत आलं नाही तर आधीचंच चित्र मानेप्रमाणे सरकवून दाखवतं, खरी चित्रं ९० ऐवजी ४५ वर आणतं. पण शेजारून जाणाऱ्या गाडीच्या कडा तेव्हा पाण्यात बघितल्यासारख्या थरथरतात. म्हणून व्हीआरचा कॉम्प्युटर जोडताना ‘जास्तीत जास्त किती एफपीएस’ (सेकंदाला किती चित्रं) हा प्रश्नच विचारायचा नाही. सगळ्यात वाईट क्षणी, पहिल्या वळणावर वीस गाड्या एकत्र आल्या असताना ११ मिलीसेकंद पाळले जातात का, एवढंच बघायचं.

सगळे गेम इतके खादाड नसतात. मार्च २०२० मध्ये आलेल्या हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्सला कमीत कमी जीटीएक्स १०६० हे जुनं कार्ड आणि १२ जीबी रॅम पुरते असं कंपनीनेच लिहिलं होतं, आणि तो आजही देखणा दिसतो. व्हीआरसाठीच घडवलेला गेम आणि नंतर व्हीआर चिकटवलेला गेम यांत हा फरक असतो. तुमचा कल नेमका दुसऱ्या जातीकडे आहे. गाड्यांचे आणि विमानांचे सिम्युलेटर कार्डाला आणि प्रोसेसरला दोघांनाही घाम फोडतात.

तर कार्ड. तुमच्या यादीत नुसतं ‘५०६० टीआय’ लिहिलंय. या नावाची दोन कार्डं बाजारात आहेत, एक ८ जीबीचं आणि एक १६ जीबीचं. खोका सारखाच दिसतो, कोपऱ्यातला आकडा तेवढा वेगळा. ८ जीबीवालं घरी आलं तर दोन डोळ्यांची चित्रं आणि सिम्युलेटरचे पोत (टेक्श्चर) मिळून मेमरी भरेल, आणि भरली की ते ११ मिलीसेकंद विसरायचे. बहिणीचं तर आणखी अवघड. एन्स्केप किंवा ट्विनमोशन या मॉडेलं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झाडंझुडपं टाकलेलं मोठं मॉडेल ८ जीबीत गुदमरतं. म्हणून ५०६० टीआय घ्यायचं तर १६ जीबीचंच, आणि कोटेशनवर ‘१६’ लिहून घ्या. पैसे उरत असतील तर एक पायरी वरचं ५०७० वेगाने बरंच पुढे आहे, पण त्याची मेमरी १२ जीबी. एकट्या तुमच्यासाठी मी ५०७० म्हटलं असतं. बहीण आहे म्हणून १६ जीबीकडे झुकतो. घरातलं राजकारण तुम्ही बघा.

एएमडीचं ९०६० एक्सटी साधारण त्याच तोडीचं आहे आणि बहुधा कमी भावात मिळतं (त्याचीही ८ आणि १६ अशी दोन रूपं आहेत, डोळे उघडे ठेवा). तरी क्वेस्टसाठी माझा हात एनव्हिडियाकडे जातो. क्वेस्टला डिस्प्लेपोर्टची तार लागतच नाही. कार्ड चित्र काढतं, ते व्हिडिओसारखं दाबून यूएसबीने किंवा वायफायने पाठवतं आणि हेडसेट ते उलगडतो. त्या दाबण्याच्या कामात एनव्हिडियाचा एन्कोडर वर्षानुवर्षं घासून तयार झालेला आहे. इंटेलचं आर्क या कामासाठी नको, स्वस्त मिळालं तरी.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम भराभर सांगतो. रायझन ५ म्हणजे ७६०० असेल तर पुरे. ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, खोक्यात कूलर फुकट येतो. त्याला लिक्विड कूलर लावणं म्हणजे स्कूटरला रेडिएटर. फोंड्याच्या एप्रिलमध्ये तो फुकटचा कूलर जरा घरघरेल. आवाज खपत नसेल तर दोन-अडीच हजारांचा साधा उभा एअर कूलर घ्या. बोर्ड एएम५ सॉकेटचाच (प्रोसेसर बसतो ती खाच), म्हणजे दोन वर्षांनी सिम्युलेटरचं वेड टिकलं तर त्याच बोर्डावर जास्त कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली वेगवान मेमरी) एक्स३डी प्रोसेसर बसवता येईल. विमानांच्या आणि गाड्यांच्या सिम्युलेटरना त्या कॅशचा खरोखर फायदा होतो. बोर्डाच्या मागच्या बाजूला टाइप-सी पोर्ट आहे ना, ते बघून घ्या. हेडसेटची केबल तिथेच लावायची, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात नाही. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, एआयच्या डेटा सेंटरनी माल उचलल्यामुळे. पण बहिणीसाठी ३२ जीबी हवेतच, १६ च्या दोन पट्ट्या. आठाच्या चार नकोत, एएम५ वर चार पट्ट्या मंदावतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू करायला विसरू नका. कितीतरी जण ६००० ची रॅम घेऊन ४८०० वर चालवत असतात.

आता ‘एसएमपीएस कुठलाही चालेल’. तुमच्या मित्राला एकदा पावसाळ्यात गोव्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसवा.

बाकी सगळे सुटे भाग चुकले तर फक्त कमी वेगाने चालतात. एसएमपीएस चुकला तर जाताना सोबत दोघातिघांना घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॉट लिहिलेलं असतं, उचलून बघा, हलका लागतो. चांगल्या कंपनीचा ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्डचा घ्या. ५०६० टीआय १८० वॉट खातं, प्रोसेसर ८०-९०, बाकीचं धरून खेळताना साडेतीनशेच्या आसपास जाईल. ६५० मध्ये तो आरामात अर्ध्यावर चालतो, गरम होत नाही आणि उद्या मोठं कार्ड घेतलंत तरी पुरतो.

पण त्या एसएमपीएसच्या पाठीमागे जी भिंत आहे तिचं काय? जुनं चिऱ्यांचं घर म्हणालात. वायरमनला बोलवा आणि तुमच्यासमोर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० च्या जवळपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. हा दुसरा आकडा तीस-चाळीस दाखवत असेल तर तुमच्या तीन भोकांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ते हेच. मी असा कॉम्प्युटर बघितलाय ज्याचे मालक पायात रबरी चप्पल घालून खेळायचे आणि त्याला ‘जरा करंट देतो’ एवढंच म्हणायचे. हेडसेटची यूएसबी केबल त्याच पत्र्याला जोडलेली असते, आणि तिचं दुसरं टोक तुमच्या कपाळावर. अंगणात खड्डा खणून नवीन अर्थिंग घालायला येणारा खर्च त्या सात रंगीत फॅनहून फार नसेल.

मग यूपीएस. घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर भागवू नका. हल्लीच्या एसएमपीएसना चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर मानवत नाही, लाइट गेल्याच्या क्षणी खटकन बंद पडतात. प्युअर साइन वेव्हचा, हजार-अकराशे व्हीएचा यूपीएस घ्या. त्यावर तुम्ही तासभर खेळणार नाही, पाच मिनिटांत गेम सोडून कॉम्प्युटर नीट बंद करणार. यूपीएस मधल्या वेळेत व्होल्टेजचे चढउतारही झेलतो. दीड लाखात हे पैसे आधी वेगळे काढा, उरले तर बघू म्हणू नका.

आणि मिरगाचा पहिला गडगडाट ऐकला की प्लग काढा. नुसता विजेचा नाही, इंटरनेटच्या तारेचाही. माझं शहाणपण विकतचं आहे. इंटरनेटवाल्याने शेजारच्या छपरावरून, एका माडाला गुंडाळून, तांब्याची लॅन केबल घरात आणून दिली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात वीज लांब कुठेतरी पडली, घरातला बल्बसुद्धा मिणमिणला नाही. मी तर विजेचा प्लग काढून, हात झटकून चहा प्यायला बसलो होतो. संध्याकाळी बघतो तर राउटर मेलेला आणि बोर्डाचा लॅन पोर्ट काळा पडलेला. केबलवाला म्हणाला, ‘देवाची करणी’. घरापर्यंत फायबर असेल तर त्यातून वीज येत नाही, तरी पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंतचा तुकडा तांब्याचा असतो, तो काढून ठेवायला दोन सेकंद लागतात.

पावसाचंच चाललंय तर हेडसेटचं सांगून टाकतो. जुलैत चामड्याच्या चपलांना जी पांढरी बुरशी येते तीच भिंगांना येते. वापरून झाल्यावर फोम घामाने ओला असतो. पंख्याखाली दहा मिनिटं वाळू द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. भिंग कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसायचं, चष्म्याचा फवारा नको, स्पिरिट तर नकोच. दिवाळीनंतर ऊन आलं की उलटा धोका. खिडकीपाशी हेडसेट उताणा ठेवलात आणि सूर्य भिंगातून आत गेला, तर लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसा आतला पडदा जळतो. त्याला वॉरंटी नाही. कॅबिनेटच्या मागच्या, कार्डांच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्याही काढून टाकू नका. तिथून पाल आत शिरते आणि उबेला एसएमपीएसपाशी बसते. पुढचं सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

जोडणी तारेने की वायफायने? तुम्ही खुर्चीत बसून स्टिअरिंग धरणार, तुम्हाला पाच मीटरची यूएसबी केबल उत्तम. बॅटरी फार वेगाने उतरत नाही, नाहीतर ती दोन तासांच्या थोडी पुढे जाते आणि संपते. केबल खुर्चीच्या पाठीला वेलक्रोने बांधा म्हणजे पोर्टवर ओढ येणार नाही. बहिणीला उठून चालायचंय, तिला वायफाय. तिथे चिऱ्याची भिंत आडवी येईल. फूटभर जाडीच्या चिऱ्यातून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल कसाबसा झिरपतो, आणि या कामाला तर तो भरभक्कम हवा. म्हणून हॉलमधला राउटर तिथेच राहू द्या. खेळायच्या खोलीत वायफाय ६ चा दुसरा राउटर ठेवा, तो लॅन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि त्यावर हेडसेटशिवाय दुसरं काही चढवू नका, बाबांचा फोनही नाही. इंटरनेटचा प्लॅन ३० एमबीपीएसचा आहे की ३०० चा, याचा इथे काडीचा संबंध नाही. चित्र घरातल्या घरात टेबलावरून तुमच्या डोक्यापर्यंत चाललंय.

खरेदी कुठे करायची हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. लॅमिंग्टन रोडचं आकर्षण मला कळतं. मडगावहून कोकणकन्येत बसायचं, सकाळी मुंबई, ग्रँट रोडला उतरून दिवसभर दुकानं पालथी घालायची. भावात हजारपाचशेचा फरक मिळतोही. पण बोर्ड आणि एसएमपीएस मी पणजी, मडगाव किंवा फोंड्याच्याच दुकानातून घेईन, दोन हजार जास्त गेले तरी. बिघडतात तेच, आणि बिघडल्यावर ज्याच्या काउंटरवर जाऊन उभं राहता येईल असा माणूस हवा. कार्ड जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या, मात्र जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर छापलेला असू द्या. कुरिअरने आलं तर खोका फोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, खोका ओला असेल तर घेऊच नका.

बाबांचं. बिलाचा हिशेब सोपा आहे. साडेतीनशे वॉट, रोज दोन तास, महिन्याला २१ युनिट. तुमच्या दरात गुणून त्यांच्यासमोर कागदावर मांडा. डोळ्यांचं म्हणाल तर पडदा डोळ्यांपासून बोटभर अंतरावर असला तरी भिंगांमुळे डोळे साधारण एक-दोन मीटरवर बघितल्यासारखे रोखलेले असतात. थकतात, कोरडे पडतात, तेव्हा अर्ध्या तासाने काढून खिडकीबाहेरच्या पोफळीकडे बघा. चष्मा असेल तर तो घालूनच वापरायचा, पण चष्म्याची काच भिंगाला घासली तर दोन्हीवर ओरखडे येतात, म्हणून चेहऱ्याला टेकणारी फोमची चौकट सरकवून भिंगांपासूनचं अंतर वाढवा. लहान भाचरंही हेडसेटवर झडप घालतील चवथीला. मेटाच्या नियमाने दहा वर्षांखालच्यांना नाही, हे आधीच जाहीर करा. दीड दिवसाचा गणपती असेल तर निभावेल, पाच दिवसांचा असेल तर कपाटाला कुलूप.

आणि खोली. बहिणीला चालायला दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागेल. टेप घेऊन मोजा, अंदाज नको. मधोमध काथ्याचं पायपुसणं टाका. अनवाणी उभं राहिलं की हेडसेटमध्ये जग कुठलंही असलं तरी तळव्याला काथ्या टोचतो आणि आपण खोलीच्या मध्यावर आहोत हे कळतं. तो टोचायचा थांबला की पुढचं पाऊल कपाटात. मापं घेताना वरही बघा. जुन्या घरांत माळा असतो, माळ्याखाली छत बुटकं आणि पंखा हाताच्या टप्प्यात. हात वर करून बोटांची टोकं आणि पंख्याचं पातं यांत वीतभर तरी अंतर राहतं का? माझ्या खोलीत राहत नव्हतं, ते मला डाव्या हाताच्या मधल्या बोटाने सांगितलं. आता पंखा भिंतीवर आहे.